खोक्यावर ४के, काचेत किती?

प्रश्न : रांजणगाव गणपतीला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल असं डीटीपीचं कामही करतो. जुना मॉनिटर गेला म्हणून नवा बघायला गेलो, तर २७ इंची दाखवला. खोक्याच्या एका कोपऱ्यात ‘फुल एचडी’, दुसऱ्या कोपऱ्यात ‘४के सपोर्ट’. दुकानदार म्हणतो, “दोन्ही आहे, पाहिजे ते लावा.” असं असतं का?
– एक वाचक, रांजणगाव

उत्तर : नसतं. काचेत जेवढे ठिपके, म्हणजे पिक्सेल, आहेत तेवढेच राहतात. सेटिंगमध्ये जाऊन त्यात एकाचीही भर घालता येत नाही. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, एकूण २० लाख ७३ हजार ६००. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. ‘सपोर्ट’चा अर्थ इतकाच, की संगणकाने ४केचं चित्र पाठवलं तर मॉनिटर ते परत धाडत नाही, घेतो आणि चार ठिपक्यांचा एक करून दाखवतो. गणेशोत्सवात मंडळं जे स्वस्तातले प्रोजेक्टर आणतात, त्यांच्या खोक्यांवरही हेच दोन शब्द मोठ्या अक्षरांत असतात आणि खरा आकडा तळाशी, बारीक.

तुमच्याच एमआयडीसीत एलजीचा कारखाना २००४ पासून आहे. टीव्ही-फ्रिजसोबत तिथं मॉनिटरही बनत आलेत. अशा लाइनवर काम करणारं कुणी ओळखीत असेल तर विचारून बघा. चित्राची मूळ काच, म्हणजे ‘ओपन सेल’, आजवर बाहेरूनच येत आली आहे. आपल्याकडे तिला मागचा दिवा, बोर्ड आणि कॅबिनेट जोडतात. ठिपक्यांचा हिशेब त्या काचेतच होऊन गेलेला असतो. पुढे कुणी कितीही स्टिकर चिकटवोत.

जुन्या ढेरपोट्या मॉनिटरचं असं नव्हतं. त्याच्या नळीला एक ठरलेलं रेझोल्यूशनच नसायचं. ८००×६०० लावा की १०२४×७६८, दोन्ही सारखंच मऊ दिसायचं. त्यामुळे ‘पाहिजे ते लावा’ हे वाक्य तेव्हा बऱ्यापैकी खरं होतं. दुकानदाराच्या तोंडात ते तसंच राहिलंय. तेव्हाची लबाडी वेगळी होती : १७ इंच सांगायचे आणि दिसायला सोळाच्या आसपास.

आता नावांचा घोळ. ‘एचडी’ म्हणून १३६६×७६८ सुद्धा विकतात. फुल एचडी म्हणताना उंची मोजली, १०८०. ४के म्हणताना रुंदी मोजायला लागले. मूळ ४के सिनेमाघरातलं, ४०९६×२१६०. मॉनिटरवाल्यांनी ३८४० ला तेच नाव दिलं. ‘२के’ची तर कमालच आहे. सिनेमात २के म्हणजे २०४८×१०८०, म्हणजे जवळजवळ फुल एचडीच, आणि दुकानात मात्र २५६०×१४४० ला २के म्हणतात. त्यालाच क्यूएचडीही म्हणतात. त्यात इंग्रजी क्यू मोठ्या लिपीतला असेल तर साध्या ७२० एचडीच्या चौपट, छोट्या लिपीतला असेल तर फुल एचडीच्या पाव! म्हणून नाव ऐकूच नका. दोन आकडे विचारा, आडवे किती, उभे किती.

तुमच्या धंद्यात याहून महत्त्वाचं एक आहे, आणि ते इंग्रजीतल्या परीक्षणांत सापडणार नाही. बारा पॉइंटच्या अक्षराला, विंडोजची स्केलिंग १०० टक्के असताना, उंचीला १६ ठिपके मिळतात. इंग्रजी अक्षर त्यात ऐसपैस बसतं. आपल्याला त्याच सोळांत खाली उकार, मध्ये अक्षर, त्यावर शिरोरेषा, आणि तिच्याही वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार एवढं सगळं कोंबायचं असतं. शिरोरेषेच्या वर उरतात जेमतेम तीन-चार ठिपके. तिथेच ‘शिर्के’चा रफार मात्रेला चिकटतो आणि ‘शिकें’ दिसायला लागतं. मी एकदा स्वस्त मिळाला म्हणून ‘एचडी’ मॉनिटर घेतला होता. पहिल्याच आठवड्यात एका पत्रिकेत ‘ध’चा ‘घ’ सुटला. प्रूफ मीच वाचलं होतं. शंभर पत्रिका रद्दीत गेल्या, वर वधूपित्याचं बोलणं ऐकावं लागलं ते निराळंच.

म्हणून ठिपके एकूण किती यापेक्षा इंचात किती, हे बघा. फुल एचडी २४ इंचांवर पसरली तर इंचाला साधारण ९२ ठिपके पडतात. तीच २७ इंचांवर ताणली की ८२. साडीला इस्त्री करून ती लांब होत नाही. काच मोठी झाली, अक्षर मोठं दिसलं, पण जाडंभरडं झालं. २७ इंचांवर २५६०×१४४० असेल तर १०९, आणि खरं ४के असेल तर १६३. त्या ४केवर स्केलिंग १५० टक्के ठेवलीत की अक्षर क्यूएचडीइतकंच मोठं राहतं, पण सोळाऐवजी चोवीस ठिपक्यांत कोरलं जातं. रफार सुटा दिसतो. डोळ्यांना कळतंच.

आणि ते ‘४के सपोर्ट’ फुल एचडी काचेवर लावलंत, तर सोळाचं अक्षर आठ ठिपक्यांत येईल. वाचून दाखवा.

तुमच्या रांजणगावच्या महागणपतीची दहा सोंडांची, वीस हातांची मूर्ती तळघरात आहे असं सांगतात. आपण नमस्कार करतो तो समोरच्या मूर्तीला. मॉनिटरच्या बाबतीतही समोर दिसतं तेवढंच धरा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगवर पूर्ण विसंबू नका; तिथं मॉनिटरला काय पाठवलं जातंय ते दिसतं, काचेत काय आहे ते दिसेलच असं नाही. त्यापेक्षा घरूनच एक चित्र करून न्या : एक ठिपका रुंदीची काळी रेघ, शेजारी तेवढीच पांढरी, पुन्हा काळी, असं पानभर. दावा केलेलं रेझोल्यूशन लावा, स्केलिंग आणि झूम दोन्ही १०० टक्के ठेवा, आणि मोबाइलचा कॅमेरा काचेजवळ धरा. रेघा सुट्या दिसल्या तर दावा खरा. नुसता करडा पट्टा किंवा लाटा दिसल्या तर खोका उचलू नका. खोक्यावरचा बीआयएसचा नोंदणी क्रमांक दाखवून कुणी समजूत घालेल. तो विजेच्या सुरक्षिततेसाठी असतो, ठिपक्यांशी त्याचा संबंध नाही. तुमचा संगणकही तपासा. जुना एचडीएमआय १.४ असेल तर ४केला सेकंदाला तीसच चित्रं मिळतात आणि माउस ओढल्यासारखा चालतो.

नुसते फॉर्म भरायचे असतील तर २४ इंची फुल एचडी पुरे. डीटीपीसाठी २७ इंची २५६०×१४४० घ्या. दाखवला तो २७ इंची फुल एचडी घेऊ नका, कितीही स्वस्त पडला तरी. आणि बिलावर ‘मॉनिटर २७ इंच’ एवढ्यावर भागवू नका. पूर्ण मॉडेल नंबर आणि रेझोल्यूशनचे दोन्ही आकडे लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करायची वेळ आलीच तर तेवढाच कागद कामाला येतो.