निजामाची मीटरगेज कुणाची?

प्रश्न: घरातल्या जुन्या कागदांत मालाची एक पावती सापडली. तिच्यावर निजामाच्या रेल्वेचे नाव आहे, पण आजोबा मात्र 'कंपनीची गाडी' म्हणत. केनियात सरकारी मीटरगेज पुढे खासगी कंपनीकडे गेली, असे वाचले. आपल्याकडेही तसेच झाले का? (एक वाचक, पूर्णा)

उत्तर: झाले, पण ते फार आधी, आणि नंतर गाडी उलट्या दिशेने गेली. हैदराबाद संस्थानातला पहिला लोहमार्ग, १८७४चा वाडी–सिकंदराबाद, निजाम सरकारच्या पैशाने झाला होता. १८८०च्या दशकात तो लंडनच्या एका कंपनीच्या हवाली झाला आणि 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' उभी राहिली. या व्यवहारांवरून हैदराबादेत तेव्हाच बोंब उठली होती. चांदा (आजचे चंद्रपूर) रेल्वेच्या योजनेला विरोध केला म्हणून १८८३मध्ये अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, हद्दपार झाले.

खरी गोम नावातल्या 'गॅरंटीड'मध्ये, म्हणजे हमीत होती. भांडवल लंडनमध्ये उभारायचे आणि कमाई कमी पडली तर भागधारकांच्या व्याजाची तूट निजामाच्या खजिन्याने भरायची. कारभार कंपनीचा, जोखीम रयतेच्या साऱ्यावर! याला खासगी धंदा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

याच कंपनीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–गोदावरी व्हॅली हा मीटरगेज मार्ग मनमाडपर्यंत आणला आणि परभणी रुळावर आली. मीटरगेजमध्ये दोन रुळांतले अंतर एक मीटर, ब्रॉडगेजमध्ये १.६७६ मीटर. अरुंद मार्ग बांधायला स्वस्त, पण त्याची वसुली मनमाडला व्हायची. सेलू-परभणीकडचा कापूस मुंबईला न्यायचा तर गाठी एका वाघिणीतून उतरवायच्या आणि हमालांनी त्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या ब्रॉडगेज वाघिणीत चढवायच्या. वेळ जायचा तो वेगळाच. तुमच्या पूर्णेहून हिंगोलीचा फाटा निघाला १९१२मध्ये. परभणीहून गंगाखेडमार्गे परळीचाही पुढे झाला.

१ एप्रिल १९३०ला निजाम सरकारने सगळी रेल्वे विकत घेतली. नावातले 'गॅरंटीड' गळून नुसती 'निजाम्स स्टेट रेल्वे' उरली. पावती कोणत्या काळातली, हे त्यावरून ओळखा. आजोबांच्या तोंडी 'कंपनी' मात्र राहिली. १९३२मध्ये याच रेल्वे खात्याने २७ बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. रेल्वेनेच एसटी चालवावी, ही कल्पना आज कुणाला सुचेल? १९५०मध्ये रेल्वे केंद्राकडे गेली, १९५१मध्ये मध्य रेल्वेत आली, १९६६मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत. २००३मध्ये नांदेड विभाग झाला. या मार्गाची मालकी पुन्हा खासगी हातांत गेली नाही.

केनियाचे म्हणाल तर मोंबासा–किसुमू ही मीटरगेजही १८९६ ते १९०१ याच सुमाराची, आणि ती बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. ती २००६मध्ये रिफ्ट व्हॅली रेल्वेज या कंपनीकडे २५ वर्षांसाठी दिली गेली. करार २०१७मध्येच गुंडाळावा लागला.

आपल्याकडे मालकी बदलली तरी रूळ तेच राहिले होते. ते बदलायला नव्वदचे दशक उजाडले. मनमाड–औरंगाबाद १९९२मध्ये ब्रॉडगेज झाले, मागोमाग परभणी. आणि पूर्णा–अकोला मार्गावर ब्रॉडगेज यायला २००८ साल लागले.