मूत्रपिंडे : प्रथिनांची राखण

मुरूड तालुक्यातील काशीदसारख्या किनारी गावांत मासळी हे प्रथिनांचे नित्याचे साधन आहे. पचनानंतर त्यांची अमिनो आम्ले होतात व त्यांपासून शरीर स्वतःची प्रथिने घडविते. ही कमाई वाया जाऊ न देण्याचे काम मूत्रपिंडे करतात.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. मूत्र मात्र दीड लिटरच्या आसपासच होते. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने गाळणी बहुतांशी अडविते. इन्सुलिनसारखी लहान प्रथिने पार होतात. परंतु पुढील नलिकेच्या पेशी ती शोषून त्यांचे विघटन करतात व अमिनो आम्ले रक्तास परत देतात. अगदी लहान पेप्टाइडे नलिकेच्या आतील कडेवरच तुटतात. मूत्रपिंडे दुबळी झाल्यास इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते, ते यामुळेच.

निरोगी प्रौढाच्या मूत्रावाटे दिवसाला १५० मिलिग्रॅमहून कमी प्रथिने जातात. हे प्रमाण सतत अधिक राहणे ही मूत्रपिंडविकाराची सूचना होय, आणि ती बहुधा वेदनेविना येते. म्हणून मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी मूत्रातील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास अनेक रुग्णांना वेळीच उपचार मिळू शकतील.