इम्झाद

आफ्रिका खंडात सहारा नावाचे मोठे वाळवंट आहे. तेथे तुआरेग लोक राहतात. उंट, शेळ्यामेंढ्या पाळायच्या आणि चारापाणी बघून तळ हलवायचा, अशी त्यांची जुनी रीत. आज त्यांतली पुष्कळ कुटुंबे गावांत आणि शहरांत राहतात.

या लोकांचे एक वाद्य आहे. त्याचे नाव इम्झाद. ते कसे बनवतात?

वाळलेला भोपळा मधोमध कापायचा. आतून कोरून साफ करायचा. त्या अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून बसवायचे. आवाज बाहेर पडावा म्हणून कातड्याला भोके पाडायची. मग दांडी लावायची आणि घोड्याच्या केसांची एकच तार ओढायची. तारेखाली लाकडाची छोटी घोडी बसवायची. वाकवलेल्या काठीचा गज तारेवर फिरवला, की सूर निघतो. आपली सारंगीही गजानेच वाजते. पण सारंगीला तारा पुष्कळ. इम्झादला एकच!

हे वाद्य कोण वाजवते? फक्त बाया. बनवतातही त्याच. बाई खाली बसते, वाद्य मांडीवर घेते आणि वाजवू लागते. पुरुष त्या सुरावर पूर्वजांच्या पराक्रमाची गाणी गातात. कोणी आजारी असले, तरी इम्झाद वाजवतात. त्याने दुखणे हलके होते, अशी लोकांची समजूत आहे.

तुआरेगांना स्वतःची लिपी आहे. तिचे नाव तिफिनाग. वाळूत बोटाने अक्षरे काढून आई ती मुलांना शिकवत आली. पण इम्झादचे सूर लिहून ठेवायची रीत नव्हती. मुलगी आईजवळ बसायची, ऐकायची, बघायची आणि शिकायची.

१९७३ आणि १९८४ साली तिकडे मोठे दुष्काळ पडले. गुरे मेली. तळ मोडले, माणसे पांगली. जाणत्या बाया म्हाताऱ्या झाल्या. शिकणाऱ्या मुली कमी झाल्या. आता काय करायचे? अल्जीरिया देशातल्या तामानरासेत गावी मुलींना इम्झाद शिकवायचे काम सुरू झाले. २०१३ साली युनेस्को या जागतिक संस्थेने अल्जीरिया, माली आणि नायजर या तीन देशांतल्या इम्झादची कला जगाच्या वारशाच्या यादीत घेतली.

यादीत नाव आले, हे चांगलेच झाले. पण यादी काही गज फिरवत नाही. त्याला शिकणारा हातच लागतो.

सांगा आणि लिहा
१. इम्झादची तार कशाची असते?
२. जात्यावरच्या ओव्या तुमच्या घरी कोणाला येतात? त्यांच्याजवळ बसा. एक ओवी ऐका आणि वहीत लिहून काढा.