जुन्या दप्तरातील नोंद कशी मागावी?

बारावीची गुणपत्रिका हातात असते, पण जात पडताळणीच्या वेळी शोध सुरू होतो तो आजोबा-पणजोबांच्या कागदाचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० हा दिनांक धरला जातो. त्या दिवशी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शाळेत गेलेल्या अनेकांच्या नावापुढे ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लागले; आधीच्या पिढीपुढे ‘महार’ आहे. या दोन्ही नोंदी एकाच घराण्याच्या आहेत हे जोडून दाखवले की निम्मे काम झाले. जुन्या नोंदीचा संकोच वाटून ती लपवणारे लोक आजही भेटतात. त्यात मुलांचेच नुकसान आहे.

नोंदी कुठे सापडतात? प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. तेथे गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ते जन्म-मृत्यूचे रजिस्टर असते. महार वतनाच्या जमिनीचे फेरफारही पाहावेत. ज्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, त्याच वतनाचा कागद आज नातवाच्या उपयोगी पडतो! जुनी पाने मोडीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे.

प्रथम नकलेसाठी साधा अर्ज करावा. दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस शुल्क नाही, मात्र तसा पुरावा जोडावा. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा व साधारण १५० शब्दांत असावा. कारण विचारले गेले तरी ते सांगण्याचे बंधन नाही.

खरी चूक होते ती मागणीच्या शब्दांत. ‘माझ्या आजोबांची जात कळवावी’ असे लिहिले तर कारकून काय शोधणार? कायद्याने मिळतो तो दप्तरात असलेला कागद. म्हणून असे लिहावे: ‘मौजे अमुक, तालुका अमुक, गाव नमुना नंबर १४, सन १९३५ ते १९४५ या काळातील अमुक यांच्या अपत्याच्या जन्मनोंदीची प्रमाणित प्रत द्यावी.’ नाव जुन्या दप्तरात ज्या रूपात असेल ती सर्व रूपे द्यावीत. पूर्वी आडनाव लिहीतच नसत. आपले नातेही नमूद करावे, म्हणजे परक्याची खाजगी माहिती मागता असा आक्षेप येत नाही. वर्ष नक्की माहीत नसेल तर प्रत मागण्याऐवजी रजिस्टरची पाहणी मागावी. ते अधिक सोयीचे पडते.

गावाकडच्या ज्या वडीलधाऱ्यांना लिहिता येत नाही, त्यांचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास मदत करणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर तो पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा ‘अभिलेख आढळत नाही’ असे आले, तर गप्प बसू नये. माहिती नाकारण्याच्या कलम ८ मधील कारणांत ‘सापडत नाही’ हे कारण नाही. ते रजिस्टर नष्ट केले असल्यास नाशनाची नोंद मागावी. २० रुपयांचा स्टॅम्प लावून तीस दिवसांच्या आत पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे करावे आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. यात महिने जातात, म्हणून पाल्य अकरावीत असतानाच पहिला अर्ज टाकावा.