विचारलं असतं तर

दरवर्षी जुलै महिना लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "मुलीला अमेरिकेत ॲडमिशन मिळालीय, पण युनिव्हर्सिटी कॅथलिक आहे म्हणे. तू तशाच ठिकाणी शिकलीस ना? तिथं धर्माची काही सक्ती असते का गं?" विचारतात आईवडील, आणि जिला जायचं असतं ती शेजारी गप्प बसलेली असते. मीही अशीच गप्प बसले होते. त्या गप्प बसण्याची किंमत मी पहिल्याच सेमिस्टरमध्ये मोजली. यंदा निघालेल्यांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी नाशिकची. बारावीनंतर अमेरिकेतल्या एका जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या, विद्यापीठात गेले. पोहोचल्यावर दुसऱ्या रविवारी रात्री रूममेट म्हणाली, "आपल्या हॉलच्या चॅपलमध्ये नऊची मास आहे, येतेस?" गेले. मास म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना. मेणबत्त्या, गिटारवरची गाणी, शेजाऱ्यांशी हात मिळवणं, सगळं मनाला भिडत होतं. मग सगळे उठून रांगेत उभे राहिले, तशी मीही राहिले. देवळात रांग लागली की शेवटी प्रसाद मिळतो, हे अंगात इतकं भिनलेलं की कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. डाव्या तळहातावर उजवा ठेवून मी हात पुढे केला, आणि हातावर गव्हाची पातळ, गोल चकती आली. मी ती रुमालात गुंडाळली. शेजारच्या खोलीतली चेन्नईची मुलगी आली नव्हती, आणि प्रसाद एकटीनं खायचा नसतो.

मी बाकापर्यंत पोहोचायच्या आत एक वयस्क बाई मागून आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ते इथेच ग्रहण कर, नाहीतर माझ्याकडे परत दे." मी रुमाल उघडून चकती त्यांच्या हातात ठेवली. कोणी रागावलं नाही. पण सगळं चॅपल माझ्याकडेच पाहतंय असं वाटलं आणि कान तापले.

नंतर कळलं ते असं. त्या विधीत अर्पण केलेली भाकर ही कॅथलिकांसाठी खूण नसते, ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर असतं. म्हणून ती बाहेर नेत नाहीत, आणि कॅथलिक नसलेल्यांनी ती घ्यायची नसते. अशा वेळी बाकावर बसून राहिलं तरी चालतं. रांगेत जायचं असेल तर दोन्ही हात छातीवर घडी करून जायचं, म्हणजे नुसता आशीर्वाद मिळतो. एवढीच माहिती होती, रूममेटनं अर्ध्या मिनिटात दिली असती.

मी मात्र त्या रात्रीपासून लपायला लागले. आमच्या हॉलच्या, म्हणजे वसतिगृहाच्या, तळमजल्यावर एक सिस्टर राहायच्या. त्यांचं दार कायम अर्धं उघडं असायचं, टेबलावर बिस्किटांचा डबा असायचा. त्या दारावरून जावं लागू नये म्हणून मी मागचा जिना धरला. माणूस एका दारापासून तोंड चुकवायला लागला की बाकीची दारंही आपोआप टाळतो. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना मी गेले नाही. ॲडव्हायझरच्या ईमेलला उत्तर दिलं नाही. घरी फोनवर म्हणायचे, "सगळं छान चाललंय."

छान नव्हतं. ऑक्टोबरमध्ये केमिस्ट्रीच्या मिडटर्मला शंभरपैकी 41 पडले. त्या रात्री साडेअकराला पोर्टल उघडून मी तो विषय सोडून दिला. दोनदा क्लिक केलं, झालं. माझे 14 क्रेडिट होते. केमिस्ट्रीचे 4 गेले, 10 उरले.

आता हे नीट वाचा. एफ-1 व्हिसावर पदवी करणाऱ्याला प्रत्येक सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट घ्यावेच लागतात. त्याखाली यायचं असेल तर विषय सोडण्याआधी डीएसओची, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमध्ये आपली आय-20 सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. आजारपणासाठी ती मिळते. सुरुवातीला भाषेची किंवा तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची अडचण आली तरी मिळू शकते, पण तेव्हाही निम्मे, म्हणजे 6 क्रेडिट राखावे लागतात. परवानगीशिवाय खाली आलात तर सेव्हिस या सरकारी नोंदीत तुमचा दर्जा रद्द होऊ शकतो. पोर्टल यातलं काही विचारत नाही. बटण सगळ्यांना सारखंच असतं, मग विद्यार्थी अमेरिकेचा असो की नाशिकचा.

नऊ दिवसांनी इंटरनॅशनल ऑफिसची ईमेल आली. दिवाळीचा आठवडा होता. हॉलच्या तळघरात वॉशिंग मशीनला टेकून, उभ्यानंच मी ती वाचली. 'तातडीनं भेटा' एवढाच तिचा अर्थ होता, पण माझ्या डोळ्यांसमोर थेट परतीचं विमान आलं. आईबाबांना काय सांगायचं, हे सुचेना. तेवढ्यात सिस्टर कपड्यांची बास्केट घेऊन आल्या. त्यांनी बास्केट खाली ठेवली, मशीनवर पडलेला माझा फोन बघितला आणि विचारलं, "मी वाचू का?" वाचून झाल्यावर म्हणाल्या, "आज रात्री यावर काही होणार नाही. जेवून झोप. सकाळी साडेआठला मी तुझ्याबरोबर येते."

त्या आल्या. इंटरनॅशनल ऑफिसमधल्या बाईंनी आधी पाण्याची बाटली पुढे केली. मग ॲडव्हायझरला फोन लावून सेमिस्टरच्या उत्तरार्धातला 3 क्रेडिटचा एक कोर्स शोधला. वर्ग सुरू होऊन तीनच दिवस झाले होते, नाव नोंदवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. माझे 13 क्रेडिट झाले. मी वाचले, पण फुकट नाही. गुणपत्रकावर केमिस्ट्रीपुढचा 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याची खूण, कायमचा राहिला. भरलेली फी परत मिळाली नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच विषय पुन्हा पैसे भरून घ्यावा लागला. ते पैसे बाबांनी काढलेल्या कर्जातले होते. आठवडाभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मला नको वाटतो.

परत येताना मी सिस्टरना त्या रुमालाबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "प्रसाद म्हणजे काय?" मी सांगत राहिले, हॉलपर्यंतचा रस्ता संपला तरी आम्ही पायरीवर बसून बोलत होतो. अडीच महिने मी ज्या बाईंना घाबरले, त्यांना माझ्याबद्दल फक्त जाणून घ्यायचं होतं.

म्हणून, निघण्याआधी काही गोष्टी मनाशी पक्क्या करा.

आपलं विद्यापीठ कोणत्या संघाचं आहे ते बघा. अमेरिकेत दोनशेच्या आसपास कॅथलिक कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत, पण सगळी एका साच्यातली नाहीत. 1789 मध्ये स्थापन झालेलं जॉर्जटाउन जेझुइटांचं. 1842 चं नोत्र दाम होली क्रॉस संघाचं, शिकागोचं डीपॉल व्हिन्सेंशियनांचं. जेझुइटांच्या विद्यापीठात 'कूरा पर्सोनालिस' हे लॅटिन शब्द पहिल्या दिवसापासून कानावर पडतील. विद्यार्थ्याच्या नुसत्या मार्कांची नाही, अख्ख्या माणसाची काळजी घ्यायची, असा त्यांचा अर्थ. पण आपण लपून बसलो तर ती काळजी आपल्यापर्यंत पोहोचणार कशी?

माससाठी सहसा कोणी सक्ती करत नाही. वर्गात भिंतीवर क्रूस असतो, हजेरी मात्र अभ्यासाचीच घेतात. सक्ती असते ती काही विषयांची. जॉर्जटाउनला धर्मशास्त्राचे दोन आणि तत्त्वज्ञानाचे दोन कोर्स सगळ्यांनाच घ्यावे लागतात, नोत्र दामलाही धर्मशास्त्राचे दोन. हे प्रवचन नव्हे. तिथं वाचायचं असतं, वाद घालायचा असतो, निबंध लिहायचा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्ये इतर धर्मांविषयी काढलेल्या घोषणापत्रात हिंदू धर्माचाही आदरानं उल्लेख आहे, हे मला त्याच वर्गात कळलं.

पहिल्या सेमिस्टरचा धडा घेऊन दुसऱ्या सेमिस्टरला मी धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात भेटले. म्हटलं, मला बायबल येत नाही. त्यांनी विचारलं, "मग काय येतं?" मी शाळेत ऐकलेलं फादर स्टीफन्सचं नाव सांगितलं. 1579 मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट मराठी शिकला आणि बायबलची कथा त्यानं ओवीत लिहिली. ते 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यातच राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! प्राध्यापक खुर्चीत पुढे सरसावले. माझा निबंध त्यावरच झाला. ज्या विषयाची धास्ती होती, त्यातच आपली मराठी कामाला आली.

आपल्या श्रद्धेलाही जागा असते. जॉर्जटाउननं 1999 मध्ये पूर्णवेळ मुस्लिम चॅप्लेन नेमला, 2016 मध्ये हिंदू. लहान विद्यापीठात एवढं नसेल, पण कॅम्पस मिनिस्ट्रीत जाऊन "दिवाळीला एक खोली मिळेल का?" असं विचारा. आम्हाला दुसऱ्या वर्षी मिळाली, पणत्यांसाठी वाळूचं ताटही मिळालं. वसतिगृहात उघड्या ज्योतीला बंदी असते, म्हणून परवानगी आधी घ्या. खोलीत उदबत्तीही लावू नका, धुराची घंटा मध्यरात्रीसुद्धा सगळा हॉल रस्त्यावर आणते.

हॉलचे नियम पहिल्या दिवशी वाचा. नोत्र दामला मुलामुलींची वसतिगृहं वेगळी आहेत आणि एकमेकांच्या खोलीत थांबायची वेळ ठरलेली आहे, आठवड्यात रात्री बारापर्यंत, शुक्रवार-शनिवारी दोनपर्यंत. दारूचं वय देशभर 21 आहे. शेजारचा अमेरिकन पोरगा पकडला गेला तर त्याचं प्रकरण ताकिदीवर मिटेल, पण तुमच्या प्रकरणात व्हिसाही येऊ शकतो. कॅम्पसवरची नोकरी सेमिस्टरमध्ये आठवड्याला 20 तासांपर्यंतच, आणि परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर एक तासही नाही.

जेवणाचं सांगते. राखेच्या बुधवारी लोक कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात येतात. तिथून ईस्टरपर्यंत उपवासाचा काळ, आणि त्यातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. शाकाहारी मुलींना वाटतं, आपली चंगळ. पण 'मीटलेस' म्हणजे शाकाहारी नव्हे, कारण मासे त्यात मोजत नाहीत. शुक्रवारी हमखास दिसणारं पांढरं क्लॅम चाउडर हे शिंपल्यांचं सूप असतं. एरवीच्या भाज्यांच्या सुपातही चिकनचं पाणी असू शकतं. वाढणाऱ्याला विचारा, ते मोकळेपणानं सांगतात.

कोणाशी काय बोलावं हेही समजून घ्या. समुपदेशकांशी झालेलं बोलणं सहसा गुप्त राहतं, मजल्यावरच्या आर.ए.ला, म्हणजे देखरेख करणाऱ्या सीनियर विद्यार्थ्याला, मात्र काही गोष्टी वर कळवाव्याच लागतात. म्हणून बोलण्याआधीच विचारावं, "हे तुमच्यापाशीच राहील ना?" बहुतेक कॅथलिक विद्यापीठांच्या दवाखान्यात संततिनियमनाची साधनं मिळत नाहीत, त्यासाठी बाहेरचे डॉक्टर गाठावे लागतात. आणि आईवडिलांनो, 1974 च्या कायद्यानुसार मुलांचे मार्क मुलांच्या संमतीशिवाय तुम्हाला मागता येत नाहीत. ते मुलांनीच सांगायला हवेत, आणि सांगितल्यावर घरात ओरडा बसणार नाही अशी खात्री त्यांना विमानात बसण्याआधी द्यायला हवी. मला ती खात्री होती, तरी मी बोलले नाही. ज्यांना नसेल त्यांचं काय होत असेल?

बॅग भरताना एका कागदावर चार नावं लिहा: डीएसओ, ॲडव्हायझर, हॉलमधल्या सिस्टर किंवा फादर आणि समुपदेशन केंद्र. पहिल्या दोन आठवड्यांत, काहीही बिघडलेलं नसताना, चौघांना भेटून या. नुसतं नाव सांगा आणि गाव सांगा. पुढे खरी अडचण येईल तेव्हा ते दार अनोळखी नसेल.

माझ्या शेवटच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मी हॉलच्या चॅपलमध्ये मागच्या बाकावर बसले होते. शेजारी पुण्याची नवी मुलगी होती. सगळे उठले, तशी तीही उठायला लागली. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि कानात सांगितलं. ती बसली आणि कुजबुजली, "का पण?" मास संपल्यावर आम्ही पायरीवर बसलो. रुमाल, 12 क्रेडिट, चाउडर, सिस्टरांचं अर्धं उघडं दार, सगळं सांगून झालं तेव्हा मी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती. मला ते कळायला अडीच महिने लागले होते.