त्रिशूळवाल्या डॉलरचे किती येतील, आणि त्यासाठी किती जातील?

जुन्या ट्रंकेत कधी रुपयापेक्षा बरंच मोठं, जड असं चांदीचं नाणं निघतं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली स्त्री, हाती त्रिशूळ आणि ढाल, मागे शिडाचं जहाज. दुसरीकडे नक्षीत चिनी आणि अरबी वळणाची मलय अक्षरं. त्रिशूळ बघून कुणी ते देव्हाऱ्यात ठेवलं असेल तर नवल नाही. पण ती देवी नव्हे, ब्रिटानिया. हा ब्रिटिश ट्रेड डॉलर. हाँगकाँग, सिंगापूर आणि चीनच्या बंदरांतल्या व्यापारासाठी १८९५ पासून पाडलेला, १९३७ मध्ये चलनातून गेलेला. परदेशी चलन खरं, पण यातली बहुतेक नाणी फोर्टातल्या मुंबई टांकसाळीची.

टांकसाळीची खूण शोधायला दहापट भिंग लागतं. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक ‘बी’ दिसला की मुंबई. ‘सी’ असेल तर कलकत्ता, आणि तो ब्रिटानियाच्या पायाजवळ असतो. लंडनच्या १९२५ आणि १९३०च्या नाण्यांवर खूण नसते.

भिंगाबरोबर ग्रॅममधलं वजन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. दोन्ही मिळून हजाराच्या आत येतात आणि तेवढा खर्च करावाच, कारण या डॉलरच्या नकला उदंड आहेत. अस्सल नाण्याचं वजन २६.९५ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल, पण चोवीस भरलं तर आशा सोडा. चुंबकाला चिकटलं तर पुढे काही बघायलाच नको. वजन बरोबर असेल तर काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा साधारण २.६ ग्रॅम दाखवेल. तीन-सव्वातीन दाखवला तर धातू हलका, नाणं खोटं.

आता हिशोब. चांदी ९० टक्के, म्हणजे न झिजलेल्या नाण्यात सुमारे २४.२५ ग्रॅम. हिशोबाला सोपा म्हणून भाव ग्रॅमला १०० रुपये धरला तर २,४२५ रुपये. आजचा भाव घालून तुमचा आकडा काढा. मोडीत सराफ यातून घट कापणारच. संग्राहक याहून किती जास्त देईल, हे साल आणि अवस्था ठरवतात. मुंबईची १९२१, १९३४ आणि १९३५ ही सालं दुर्मीळ. १९३५ची तर जवळजवळ सगळी नाणी वितळवली गेली. नेमकी हीच सालं नकलाकारांचीही लाडकी. १८९९ ते १९१२ दरम्यानची बरीच सालं मुबलक मिळतात. झीज आधी चेहऱ्यावर, छातीवर आणि ढालीवर दिसते. तिथला तपशील सपाट झाला असेल तर भाव चांदीच्या आसपासच राहतो. कडी लावल्याचा डाख किंवा भोक असेल तर त्याहून वर जाणं कठीण. अंगावर चिनी व्यापाऱ्यांनी मारलेले छोटे ठसे असतील तर मात्र घाईने नाणं बाद करू नका. ठसेवाली नाणी मुद्दाम जमवणारेही आहेत.

आणि कृपा करून घासू नका! चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही नको. काळपट नाण्याला गिऱ्हाईक मिळतं, चकाकवलेल्याचा भाव पडतो.

नाणी तपासणाऱ्या एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकी संस्थांकडून प्रमाणपत्र घ्यावं का? साधं साल आणि झिजलेलं नाणं असेल तर माझ्या मते नाही. शुल्क आणि विम्यासह टपालखर्च चांदीच्या किमतीला सहज गाठतो. शिवाय १९७२च्या पुराणवस्तू कायद्यात शंभर वर्षांपुढची नाणीही येतात, आणि पुराणवस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता-पाठवता येत नाही. नातवाच्या हाती अमेरिकेला धाडण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

विकताना जाहिरातीत मागितलेला भाव बघू नका, प्रत्यक्षात विक्री झालेले भाव बघा. ईबेवर विकलेल्या वस्तू वेगळ्या दाखवण्याची सोय आहे. लिलावात द्यायचं असेल तर विक्रेत्याचं कमिशन आणि नाणं न विकल्यास लागणारा आकार आधी लेखी विचारा. दोन-तीन नाणेविक्रेत्यांकडे तेच नाणं दाखवा, पण तुमचा आकडा सांगू नका.

फोनवर कुणी लाखोंची बोली लावून आधी नोंदणी फी किंवा कर भरायला सांगितलं तर फोन ठेवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण कसलंही शुल्क घेत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे.