पोट फुगतंय? आधी वेळ बघा

पोट फुगण्याचा त्रास चारचौघांत सांगायची लाज वाटते. वारा सरतो, पोटात गुडगुड होते, पंगतीत बसायची धास्ती वाटते. मग ओवा चावायचा, हिंगाचं पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं. मला पन्नाशीनंतर हा त्रास सुरू झाला तेव्हा मी गप्प बसले नाही, कारण आमच्या मावशीचं काय झालं ते मी जवळून पाहिलं होतं.

मावशी सांगलीची, साठीच्या आतबाहेरची. पोट फुगतंय, चार घासांतच पोट भरतंय, असं ती कितीतरी दिवस म्हणत होती. घरात सगळ्यांनी सगळे उपाय सुचवले: ओवा, हिंग, जेवणानंतर सोडा, रिकाम्या पोटी ॲसिडिटीची गोळी. लघवीला वारंवार जावं लागायचं, ते वयावर गेलं. एक दिवस तिने ब्लाउज आत घ्यायला शिंपिणीकडे दिले, आणि त्याच दिवशी म्हणाली की परकराची नाडी पुरत नाही. दंड बारीक होत होते आणि पोट वाढत होतं. तिचं पोट सकाळीही उतरत नसे. मिरजेला नेऊन सोनोग्राफी केली तेव्हा पोटात पाणी साठलेलं दिसलं. पुढे निदान झालं, अंडाशयाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, केमो झाली, काही वर्षं ती आमच्यात राहिली. पण रोग कळला तो पसरल्यावर.

म्हणून बायकांना, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांना, मी आधी हेच सांगते. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला सारखं जावं लागणं, यातलं काहीही नव्याने सुरू झालं आणि टिकून राहिलं, तर ते गॅसवर ढकलू नका. अशी लक्षणं महिन्यातून १२ पेक्षा जास्त वेळा जाणवली तर सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी आणि ती वाढलेली आली तर सोनोग्राफी, असं ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीचं मार्गदर्शन सांगतं. आपल्याकडे सोनोग्राफी तालुक्याच्या गावीही होते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास होत असेल तर ती करून घ्यायला मागेपुढे पाहू नये.

माझी सोनोग्राफी चांगली आली. मग डॉक्टरांनी विचारलं, पोट कधी फुगतं? सकाळी ठीक असतं, दुपारच्या जेवणानंतर दोन-तीन तासांनी फुगायला लागतं, रात्री सर्वांत जास्त. कधीपासून? मला महिना आठवेना. त्यांनी माझी फाइल चाळली आणि एका गोळीवर बोट ठेवलं. साखर आटोक्यात राहावी म्हणून जेवणाबरोबर घ्यायची व्होग्लिबोज मला त्याच सुमारास सुरू झाली होती.

ही गोळी काय करते ते समजलं की पोटातल्या गॅसचं बरंचसं गणित उलगडतं. पोळी-भातातला पिष्टमय पदार्थ लहान आतड्यात पचून साखर बनतो आणि रक्तात जातो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे पचन लांबवतात. त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही, पण न पचलेला काही भाग मोठ्या आतड्यात पोचतो. तिथे अब्जावधी जिवाणू असतात. ते त्याच्यावर तुटून पडतात आणि इडलीचं पीठ आंबून फुगतं तसा वायू तयार होतो. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या आतड्यात मिथेनही. या वायूंना वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या अगदी थोड्या संयुगांमुळे. मेटफॉर्मिननेही काहींना असा त्रास होतो. म्हणून मधुमेहाची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची असं मात्र नाही. डॉक्टरांना सांगितलं की मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. माझी बदलली आणि निम्मा त्रास गेला.

उरलेला त्रास जेवणात होता. मी एका वहीत काय खाल्लं, किती वाजता आणि पोट केव्हा फुगलं एवढंच लिहायला लागले. जेवताजेवताच किंवा लगेच फुगलं, ढेकर आले, तर बहुतेक वेळा गिळलेली हवा असते: घाईघाईने जेवणं, जेवताना बोलणं, सोडावॉटर. काही तासांनी फुगलं तर मोठ्या आतड्यातलं आंबणं.

कडधान्यांचं कारण सरळ आहे. वाल, पावटा, हरभरा, राजमा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात आणि त्या तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतंच. तरी उसळी सोडू नका, मला ते मुळीच पटत नाही. आपल्या जेवणातली प्रथिनं आणि चोथा त्यातूनच येतात. रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी ओतून द्या, मोड आणा, नव्या पाण्यात मऊ शिजवा. मोड येताना बी त्या शर्करा स्वतःच वापरतं. वालाऐवजी मूग, वाटीभराऐवजी अर्धी वाटी, अशी सुरुवात करून हळूहळू वाढवा. आतडं सरावतं.

दुधाचं वेगळं. लहानपणानंतर बहुतेकांचं दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं. एक कप दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. चहातलं दूध चालतं आणि रात्रीचा पेलाभर हळद-दूध त्रास देतो, असं त्यामुळेच होतं. दह्या-ताकात जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं, म्हणून ते अनेकांना सोसतं. दोन आठवडे दूध बंद करून बघा, फरक नाही पडला तर परत सुरू करा.

गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रक्टान असतात, तेही आपल्याला पचत नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूण सोडलं की पोट हलकं राहतं असं जुन्या बायका सांगतात, त्यात तथ्य असू शकतं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी असे पदार्थ दोन ते सहा आठवडे वगळून मग एकेक परत आणण्याची पद्धत बसवली आहे. आहारतज्ज्ञांच्या मदतीने करावी आणि कायमची चालवू नये. गहू सोडायचा विचार असेल तर गहू न सोसण्याच्या सीलिॲक आजाराची रक्ततपासणी आधी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती खोटी नॉर्मल येऊ शकते. शुगर-फ्री मिठाईतलं आणि च्युइंगगममधलं सॉर्बिटॉलही पोट फुगवतं, आणि मधुमेही माणूस नेमकं तेच आणतो.

पोट साफ होत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. अडकलेल्या मळामागे वायूही अडकतो. पाणी, फळं, चालणं, आणि वेळ ठरवून बसणं. इसबगोल घेत असाल तर थोड्यापासून सुरू करा, एकदम दोन चमचे घेतलं की पहिले काही दिवस पोट आणखी फुगतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी फुगलेल्या पोटांचे सीटी स्कॅन तपासले तेव्हा अनेकांच्या पोटात वायू फारसा वाढलेला नव्हता. श्वासाचा पडदा खाली दाबला जात होता आणि पोटाचे पुढचे स्नायू सैल पडत होते. अशांना सावकाश, पोटाने श्वास घ्यायचा सराव उपयोगी पडतो. जेवणानंतर वीसेक मिनिटं चालणं आणि आडवं पडून बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हात फिरवणं मला रोज आराम देतं. ओवा-हिंग जरूर घ्या. सोड्याबद्दल मात्र सावध राहा, त्यात सोडियम भरपूर असतं आणि रक्तदाबाच्या रुग्णांना ते नको. ॲसिडिटीची गोळी आम्ल कमी करते, मोठ्या आतड्यातला वायू नव्हे; ती कारणाशिवाय महिनोन् महिने चालू ठेवू नये.

छातीच्या खाली दडपण, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर ढेकराची वाट पाहू नका, ताबडतोब ईसीजी काढा. मधुमेहींना हृदयविकाराचा झटका नुसत्या गॅससारखाही वाटू शकतो. पोट टम्म, उलट्या आणि ना शौच ना वारा, हे आतडं अडल्याचं लक्षण, तेव्हाही थेट दवाखाना. विनाकारण वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यांतलं काही असेल तर थांबू नका.

डॉक्टरांकडे जाताना वहीची दोन-तीन पानं न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आयुर्वेदिक चूर्णाची पुडीसुद्धा. सकाळी पोट उतरतं की नाही हे न विचारताच सांगा.